३७ किलोवॅटची मोटर डेल्टात जाताना ब्रेकर पडतो, ट्रान्सफॉर्मर कमी पडतोय का?

प्रश्न (पंपघर)

नमस्कार मंडळी. ३७ किलोवॅट, ४ पोल, ४१५ व्होल्ट डेल्टा अशी मोटर सेंट्रिफ्युगल पंपाला जोडलेली आहे. नेमप्लेटवर ६४ अँपिअर. ट्रान्सफॉर्मर १०० केव्हीए क्षमतेचा, ११ केव्ही/४३३ व्होल्ट. तिथून स्टार्टरपर्यंत १२० मीटर, ३५ चौ. मिमी ॲल्युमिनियम केबल. स्टार-डेल्टा स्टार्टर (आधी वाइंडिंग स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर, मग डेल्टात पूर्ण व्होल्टेजवर), बदल करणारा टायमर ४ सेकंदांवर, डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपवरचा) उघडाच असतो.

स्टारमध्ये मोटर उचलते. डेल्टात जाताच दिवे मंदावतात आणि चार-पाच वेळांतून एकदा १०० अँपिअरचा एमसीसीबी (ब्रेकर) पडतो (मॅग्नेटिक, म्हणजे क्षणात पाडणारी सेटिंग ५ पट). १०० केव्हीएवर ३७ किलोवॅट सहज चालायला हवी ना? की २०० केव्हीएचा बसवू?

उत्तर (गाभा_आणि_गुंडाळी)

चालवायला १०० केव्हीए भरपूर आहे. सुरू करताना मात्र केव्हीएच्या जोडीला ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरचा इम्पीडन्सचा (आतल्या अडथळ्याचा) टक्का बघावा लागतो. तो ४.५ धरू. याचा अर्थ पूर्ण करंट वाहताना ४.५ टक्के व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या आतच खर्ची पडतं. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण करंट १,००,००० ÷ (१.७३२ × ४३३), म्हणजे १३३ अँपिअर.

मोटर थेट डेल्टात उभी केली तर साधारण साडेसहा पट, म्हणजे ४१६ अँपिअर ओढेल. ट्रान्सफॉर्मरमधली घट ४.५ × ४१६ ÷ १३३ = १४ टक्के. सुरुवातीला मोटरचा पॉवर फॅक्टर (करंटचा खरं काम करणारा वाटा) ०.३ च्या आसपास असतो आणि ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्सही मुख्यतः रिॲक्टन्सच (कॉइलच्या चुंबकत्वाचा अडथळा), म्हणून हा सरळ हिशोब खऱ्याच्या बराच जवळ जातो. केबलमध्ये आणखी ३० व्होल्टच्या वर, म्हणजे ८ टक्के. व्होल्टेज पडलं की करंटही थोडा कमी होतो, तेव्हा प्रत्यक्षात एकूण घट १८-२० टक्के धरा. टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ८० टक्के व्होल्टेजला ६४ टक्केच टॉर्क उरतो.

आता २०० केव्हीए बसवून काय होईल बघा. इम्पीडन्सचा टक्का तोच असेल तर १४ चे ७ होतील, पण केबलचे ८ जागच्या जागी राहतील. एवढा खर्च करून दुखणं एक तृतीयांशच जाईल. ट्रान्सफॉर्मर तापण्याची चिंताही इथे नको. तेल तापायला तास लागतात, काही सेकंदांच्या तिप्पट करंटने त्याला काही होत नाही.

स्टारमध्ये लाइन करंट एक तृतीयांश, म्हणजे १३९ अँपिअर. घट जेमतेम ७ टक्के. म्हणूनच स्टारमध्ये दिवे हलत नाहीत. तुमचं दुखणं स्टारकडून डेल्टाकडे जाण्याच्या क्षणात आहे.

उत्तर (टाँगटेस्टर)

वरच्या हिशोबाशी सहमत. एक मोजमाप करा. टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) येणाऱ्या एका लाइनला लावून स्टारमधला आकडा सतत बघत राहा. मोटर वेग घेत असते तोवर करंट चढाच राहतो आणि वेग ८० टक्क्यांच्या पुढे गेला की काटा एकदम खाली येतो. तो खाली येण्याआधी टायमरने डेल्टा लावला, तर स्टारचा उपयोग शून्य. जवळजवळ थेट सुरू केल्यासारखाच झटका बसतो.

पंपघर

मोजलं. ४ सेकंदांना १२८ अँपिअर. टायमर १२ सेकंद केला तरी ११० च्या खाली जात नाही.

टाँगटेस्टर

मग मोटर मधेच अडकली आहे. स्टारमध्ये टॉर्कही एक तृतीयांशच मिळतो, आणि उघड्या व्हॉल्व्हवर पंपाला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात टॉर्क लागतो. ७०-८० टक्के वेगाला दोन्ही बरोबरीत आले की मोटर तिथेच घोटाळते. टायमर आणखी वाढवू नका, वाइंडिंग फुकट तापेल.

डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करा. बंद व्हॉल्व्हवर सेंट्रिफ्युगल पंपाचा भार निम्म्याच्या आसपास येतो. काटा खाली आल्यावर एक-दोन सेकंदांत डेल्टा लागेल असा टायमर ठेवा आणि डेल्टा लागल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. बंद व्हॉल्व्हवर पंप चालत ठेवू नका, केसिंगमधलं पाणी तापतं. आणि हा उपाय ॲक्शियल फ्लो पंपाला (पंख्यासारखं पाणी सरळ पुढे ढकलणाऱ्या) कधीही करू नका. त्याचा भार व्हॉल्व्ह बंद असतानाच सर्वाधिक असतो.

उत्तर (डेल्टाजोड)

ब्रेकर ‘कधीतरीच’ पडतो, हेही नीट बघण्यासारखं आहे. स्टार सुटून डेल्टा लागेपर्यंत मोटर काही क्षण पुरवठ्यावाचून फिरते. रोटरमधलं चुंबकत्व मात्र लगेच जात नाही, त्यामुळे वाइंडिंगवर व्होल्टेज शिल्लक असतं. वेग उतरतो तसं ते लाइनच्या मागे पडत जातं. डेल्टा लागताना दोघांत कोन जितका मोठा, तितका करंटचा शिखर मोठा, आणि तो थेट सुरू करतानाच्या करंटलाही मागे टाकू शकतो. ५०० अँपिअरची मॅग्नेटिक सेटिंग त्याला कमी पडते. अशा मोटरसाठी १० ते १२ पट लागते, फक्त केबलच्या टोकाचा शॉर्ट सर्किट करंट त्याहून पुरेसा जास्त आहे ना, ते तपासून वाढवा.

डेल्टाची जोडणीही तपासा. तीन वाइंडिंगची सुरुवातीची टोकं यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि शेवटची यू२, व्ही२, डब्ल्यू२. यू१, व्ही१, डब्ल्यू१ ला एल१, एल२, एल३ या तीन लाइन असतील, तर डेल्टात यू२ एल३ वर, व्ही२ एल१ वर आणि डब्ल्यू२ एल२ वर यायला हवं. यू२ एल२ वर नेलं तरी मोटर त्याच दिशेने फिरते, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. पण पहिल्या जोडणीत वाइंडिंगचं व्होल्टेज स्टारच्या ३० अंश मागे असतं, म्हणजे मागे पडलेल्या शिल्लक व्होल्टेजच्या जवळ. दुसऱ्या जोडणीत ३० अंश पुढे जातं आणि झटका वाढतो.

जाता जाता ओव्हरलोड रिले (जादा करंट राहिला तर मोटर बंद करणारा) कुठे बसवलाय तेही पाहा. तो मेन कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या मुख्य स्विचच्या) खाली, यू१-व्ही१-डब्ल्यू१ कडे जाणाऱ्या तारांत असेल, तर त्यातून वाइंडिंगचाच करंट जातो. डेल्टात तो लाइन करंटच्या ०.५८ पट असतो, म्हणून तिथे सेटिंग ६४ × ०.५८ = ३७ अँपिअर हवी. पाटी बघून ६४ वर ठेवलेला रिले वाइंडिंग जळेपर्यंत हलत नाही.