हप्ता परत गेल्यावर बँकेने कापलेले पैसे मागता येतात का?

टॅक्सीमालक, पेडणे

नमस्कार. माझ्या पर्यटक टॅक्सीच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला बचत खात्यातून आपोआप वळता होतो. पावसाळ्यात भाडी जवळजवळ नसतातच. जुलैमध्ये खात्यात थोडी रक्कम कमी पडली आणि हप्ता परत गेला. बँकेने त्यासाठी 500 रुपये व जीएसटी मिळून 590 रुपये कापले, शिवाय किमान शिल्लक नसल्याचा दंड लावला आणि आता पासबुकात शिल्लक उणे दिसते आहे. चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्यांची भाडी मिळाली, तरी ते पैसे आधी बँकच घेणार. यातले काय परत मागता येईल? शाखेत ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची सोय, घ्या असे सुचवले आहे. तो घ्यावा का?

निवृत्त बँक अधिकारी, म्हापसा

दोन्ही आकारांची तक्रार एकत्र करू नका. हप्ता परत गेल्याचा आकार बँकेच्या दरपत्रकात असतो आणि तो नियमात बसतो; विनंती केल्यास शाखाधिकारी एखाद्या वेळी सोडून देतात, पण तो हक्क नव्हे. किमान शिल्लकेच्या दंडाचे मात्र तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकानुसार, जे 1 एप्रिल 2015 पासून लागू झाले, शिल्लक कमी झाल्याचे बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवावे लागते, ती भरून काढण्यास किमान एक महिना द्यावा लागतो, दंड तुटीच्या प्रमाणात असावा लागतो, आणि केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये.

म्हणून आधी खातेउतारा घेऊन शिल्लक नेमकी कोणत्या नोंदीने शून्याखाली गेली ते पाहा. ती नोंद किमान शिल्लकेची असेल, किंवा महिन्याची सूचनाच मिळाली नसेल, तर त्या नोंदीची तारीख व रक्कम लिहून शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काउंटरवर तोंडी भांडून काही हाती लागत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर न पटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही.

किराणा दुकानदार, फोंडा

ओव्हरड्राफ्ट कशावर देत आहेत, ते आधी विचारा. मुदत ठेवीवरचा असेल तर व्याज सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनी जास्त असते आणि ते वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतेच लागते. समजा, 9 टक्क्यांनी 20,000 रुपये 12 दिवस वापरले, तर व्याज 59 रुपयांच्या आसपास होते. तुम्ही एका परतीला 590 मोजले आहेत. विनातारण ओव्हरड्राफ्ट मात्र महाग पडतो, त्यावर प्रक्रिया शुल्कही असते, आणि मोसम सुरू होईपर्यंत ती मर्यादा भरून बसली की पुढचा हप्ता पुन्हा अडकतो. ठेव नसेल तर मी तरी तो घेणार नाही.

दुसरे म्हणजे, मँडेटमधली, म्हणजे हप्ता आपोआप कापण्यासाठी दिलेल्या परवानगीतली, तारीख बदलून मागा. बाहेरच्या कंपन्यांची बिले ज्या तारखेला जमा होतात, त्यानंतर तीन-चार दिवसांनी हप्ता असावा.

टॅक्सीमालक, पेडणे

आभारी आहे. उतारा पाहिला: 590 कापल्यावर 212 रुपये शिल्लक होते, आणि त्यानंतर किमान शिल्लकेच्या दंडाने खाते उणे गेले. सूचनेचा एसएमएस सापडत नाही. कर्ज दुसऱ्या संस्थेचे आहे आणि तिनेही वेगळा दंड लावला आहे. तोपर्यंत मँडेट बंद करून हप्ता रोखीने भरला तर?

निवृत्त बँक अधिकारी, म्हापसा

मग अर्जात तीच नोंद धरा. कर्जसंस्थेच्या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार थकल्याबद्दल दंडात्मक आकार घेता येतो, पण त्या आकारावर पुढे व्याज चढवता येत नाही. त्यांच्याकडूनही उतारा मागून तेवढे तपासा.

मँडेट परस्पर बंद करू नका. शिल्लक नसल्याने परत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक हप्त्याला 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम 25 लागू होते, म्हणजे न वटलेल्या धनादेशासारखाच फौजदारी खटला होऊ शकतो. पुढच्या महिन्यात रक्कम कमी पडेल असे दिसत असेल, तर 5 तारखेपूर्वीच संस्थेला लेखी कळवा आणि तारीख बदलण्याचा अर्जही त्याच वेळी द्या.