मदत हवी आहे: जुआनिन पेट्रेलचे चोच नीट दिसणारे फोटो कुणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात वर्सोवा ते अलिबाग किनाऱ्यावर थकून येणाऱ्या काळपट-तपकिरी समुद्री पक्ष्यांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासायच्या आहेत. प्रश्न जुआनिन पेट्रेलचा, म्हणजे बुल्वेरिया फॅलॅक्स (शास्त्रीय नाव) या समुद्री पक्ष्याचा. या जातीचं वर्णन 1955 सालचं. वीण येमेनच्या सोकोत्रा बेटावरच्या उभ्या कड्यांच्या कपारींत, हंगामात एकच अंडं. घरट्यांपर्यंत पोचणंच अवघड, त्यामुळे संख्येचे अंदाज बरेचसे समुद्रावरच्या मोजणीवर टेकलेले. त्यात वीण न करणारे पक्षीही मिसळतात, म्हणून मला ते आकडे जपूनच घ्यावेसे वाटतात.

खरी गफलत ओळखीत होते, कारण आणखी दोन समुद्री पक्षी जवळपास असेच दिसतात. बुल्वर पेट्रेल लहान, चोच बारीक, पंखावर फिकट पट्टा ठळक. जुआनिनची चोच जाड, पट्टा बहुधा नसतोच. पण पिसं झिजली की फिकट भाग दिसतो आणि फसायला होतं. वेज-टेल्ड शिअरवॉटरची चोच लांब, सडपातळ.

तर हवंय काय: चोचीचा अगदी बाजूने, मोजपट्टी त्याच पातळीत धरून काढलेला फोटो (मोबाईल फार जवळ नेला की चोच फुगीर दिसते), पंखाची वरची बाजू आणि शेपटी. पंखाची लांबी पंख मोजपट्टीवर सपाट दाबून मोजली की न दाबता, तेही लिहा; काही मिलिमीटरचा फरक पडतो.

आणि हो, जिवंत पक्षी सापडला तर पाण्यात परत सोडू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून वनखात्याला कळवा.