पहिली लेन्स, पैसे कमी: काय बघून घेतली? अनुभव लिहा

भुईकोट
माळ्यावरची पेटी आवरताना जुनी ५० एमएम लेन्स (एमएम म्हणजे फोकल लेंथ, आकडा मोठा तेवढं दृश्य जवळ येतं आणि कमी मावतं) हातात आली आणि पहिल्या लेन्सचे दिवस आठवले. गड्डा, म्हणजे आपली सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, जवळ आलाय, नवीन कॅमेरावाले आता विचारायला लागतील. सगळे डोळे झाकून ५० एफ १.८ (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त) सांगतात. माझं म्हणणं, आधी खोली मोजा. कॅननच्या १.६ क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएमने दहा फुटांवरून, कॅमेरा उभा धरला तरी, जेमतेम साडेचार फूट उंची मावते. पूर्ण माणूस नीट बसवायचा तर चौदा फूट मागं सरकावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत कुठं सरकणार? घरातले कार्यक्रम, बारशी, पोरंबाळं काढायची असतील तर कॅननवाल्यांनी २४ एफ २.८ एसटीएम बघा, निकॉनवाल्यांनी ३५ एफ १.८ जी. चेहरेच काढायचे असतील तर ५० सारखी स्वस्त आणि मस्त दुसरी नाही.

धोटा
खोली मोजायच्या आधी किट लेन्सलाच, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लाच, विचारा. शेवटचे दोनशे फोटो उघडा, प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ असते. १८ ते २४ मध्ये गर्दी आहे की ५५ ला? ढीग जिथं, लेन्स तिथली. तरी पटत नसेल तर झूमची रिंग ३५ वर चिकटपट्टीनं बांधा आणि एक दिवस फिरा, दुसऱ्या दिवशी ५० वर. खर्च शून्य.

विजापूर वेस
५० एफ १.८ चं खरं काम उजेड. किटच्या एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहा पट. तिथं १/१० सेकंदाचं शटर मिळतं तिथं इथं १/१००. पण दीड मीटरवरून एफ १.८ ला सहा सेंटीमीटरच्या आसपासचाच पट्टा शार्प असतो. जवळच्या डोळ्यावर फोकस केलं आणि मान जरा वळलेली असली की दुसरा डोळा गेलाच. एफ २.८ ठेवा. नवीन माणसाला लेन्स खराब निघाली असं वाटतं ते यामुळंच.

माळरान
निकॉनवाल्यांनो, थांबा. सेकंडहँडमध्ये ५० एफ १.८ डी स्वस्त दिसते म्हणून उचलू नका. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, हातानं फिरवावं लागेल. 'जी' बघा, तिच्यात मोटर लेन्समध्येच असते. दुसरं, एएफ-पी ७०-३०० ही लांबची झूम डी३१००, डी३२००, डी५१०० वर फोकसच करत नाही. दुकानात आपली बॉडी लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कडक भाकरी
@माळरान नान्नजच्या अभयारण्यात काळवीट काढायला काय पुरेल? बजेट फारच कमी हाय.

माळरान
कॅननची ५५-२५० जुनी चालेल, क्रॉपमुळं २५० ला ती ४०० सारखी दिसते. शटर १/१००० च्या खाली नको. आणि सकाळी लवकर जा. ऊन चढलं की तापलेल्या माळावरची हवा थरथरते आणि लांबचं काही शार्प येत नाही, लेन्स कितीही महाग असली तरी. ठरलेली वाट सोडून आत जाऊ नका, जनावरांना त्रास होतो.

कडक भाकरी
बरं झालं सांगितलं दादा. दहाला निघायचं ठरलं होतं, आता पहाटेच निघतो.

होटगी रोड
सेकंडहँड घेताना: दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, सोडून द्या. दुधाळ थर असेल तरी नको. दोनचार धुळीचे कण चालतात. मग छिद्राची (ॲपर्चरची) पाती बघा, तेलकट असली तर अडकतात. शेवटी विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून एफ ४ ला फोटो. चारी कोपरे सारखे हवेत, एकच मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे. आपल्याकडं हवा कोरडी, तरी पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवाच.

धोटा
यंत्रमागाच्या कारखान्यात काढणारे कुणी आहेत का? तिथं लेन्स बदलूच नका, कापसाचा तंतू सरळ सेन्सरवर बसतो. फुंकर तोंडानं नको, थुंकीचे डाग पडतात, रबरी ब्लोअर घ्या. जुन्या ट्यूबलाइटखाली शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, वेगवान केलं की पट्टे येतात. वीज ५० हर्ट्झची, उजेड सेकंदाला शंभरदा मिणमिणतो.

विजापूर वेस
गड्ड्याचं राहिलंच. अक्षता सोहळ्याला (यात्रेतला लग्नविधी) नंदीध्वज (मिरवणुकीतल्या काठ्या) उंच आणि गर्दी दाट, ५० एमएम अगदीच अपुरी, किट १८ लाच बरी. पांढऱ्या बाराबंद्यांनी (पारंपरिक अंगरख्यांनी) फ्रेम भरते, कॅमेऱ्यातला उजेडाचा मीटर फसतो आणि फोटो काळपट येतो. एक्सपोजर अधिक ०.७ करा. दारूकामाला तर नवी लेन्स नकोच: ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते ११, दोन ते चार सेकंद, फोकस हातानं. स्वस्त यूव्ही फिल्टर काढून ठेवा, दिव्यांची भुतं (खोटी प्रतिबिंबं) दिसतात.

नवा भिडू
आजोबांच्या कपाटात एम४२ स्क्रूची (आट्यांनी बसणारी) ५८ एफ २ हेलिओस लेन्स आहे. माझी बॉडी निकॉन डी५६००. चालेल?

होटगी रोड
लागेल, पण साध्या जोड-रिंगवर (ॲडॉप्टरवर) लांबचं फोकस होणार नाही. एम४२ ला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉनचं माउंटच ४६.५ वर आहे. काचवाली रिंग मिळते, त्यानं धार जाते. कॅननचं ४४, तिथं साधी रिंग चालते. तू जवळचे चेहरे, फुलं काढ, त्याला ती सुंदर आहे.

कडक भाकरी
कॅननच्या ५० एसटीएमला फिल्टर कुठला? ५८ चा पडलाय घरी.

भुईकोट
४९. ५८ चा लावायला ४९-५८ ची स्टेप-अप रिंग मिळते. पण फिल्टरच्या आधी हूड (लेन्सपुढचं पोकळ कडं) घे. त्या लेन्सची पुढची नळी फोकसला बाहेर येते, तिलाच धक्का बसला की फोकस अडकतो. हूड बाहेरच्या कड्यावर बसतो, धक्का तो खातो. आणि पिशवीत टाकण्याआधी लांबवर फोकस करून नळी आत घे.