बंद फ्लॅटमधली उदबत्ती: पूजा की धूरफवारणी?

रावपुरेकर: शेजारचे काका रोज सकाळी दारं-खिडक्या लावून तीन-तीन उदबत्त्या पेटवतात. घरात दम्याचा नातू. षोडशोपचारांत गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य असा क्रम आहे, मान्य. पण जुन्या वाड्यांत धूर कौलांतून निघून जायचा. दोन खोल्यांत तो जाणार कुठे? सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, सगळं त्यात असतं. देवापुढे फूल आणि निरांजन पुरे, बाकी बंद करा.

मांडवीवाली: आणि तुमच्या फोडणीचा धूर? तोही बंद का? गणपतीत धुपाटणं फिरलं नाही तर आमच्या सासूबाईंना आरती झाल्यासारखीच वाटत नाही. एका काकांपायी उपचारच उडवायला निघालात!

गोवरी_निखारा: दोघंही वेगवेगळ्या वस्तूंवरून भांडताय. धूप म्हणजे निखाऱ्यावर चिमूटभर राळ, ऊद, गुग्गुळ. बाजारातली उदबत्ती म्हणजे बांबूची काडी, त्यावर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटायला जिगट, म्हणजे झाडाच्या सालीची चिकट पूड. कच्ची काडी हुंगून बघा, मोगरा नाही की चंदन नाही, नुसती काळी काडी. वास मागाहून द्रावकात कालवून चढवतात. पुड्यावरच्या फुलाच्या चित्राला भुलू नका. माझ्या मते धूप ठेवा, काडी सोडा.

रावपुरेकर: गुग्गुळाचा धूर काय फुफ्फुसाला वळसा घालून जातो? शिवाय गुग्गुळ हा झुडपाचा डिंक; तो जास्त निघावा म्हणून खोडाला वाट्टेल तशा खाचा पाडतात, झुडूप वाळून जातं. कच्छ-राजस्थानातलं हे झुडूप आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. ते कोणी जपायचं?

मांडवीवाली: जानेवारी २०२४ मध्ये आपल्या बडोद्याहून १०८ फुटी उदबत्ती अयोध्येला गेली. शेण, तूप, गुग्गुळ, वजन साडेतीन टनांच्या वर. तेव्हा कौतुकानं फोटो फिरवताना नाही आठवली फुफ्फुसं?

रावपुरेकर: ती उघड्यावर पेटवली हो. दिवाणखान्यात लावून दाखवा, मग बोलू.

नुसता_वाचक: इथे शंख करण्यापेक्षा ‘काका, खिडकी उघडा आणि एकच लावा’ असं जिन्यात सांगितलंत का?

रावपुरेकर: सांगितलं. म्हणाले, खिडकी उघडली की डास येतात, म्हणून तर तीन लावतो.