मदत हवी आहे : वडिलांच्या फुफ्फुसात बुरशीचा गोळा, औषध चालू आहे पण रक्त थांबत नाही

माणदेशी_पोरगा
घाईत लिहितोय, चूकभूल माफ करा. वडील वय ६४, शेती. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला बुरशीचा गोळा निघाला. सांगलीच्या छातीच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल २०० सकाळ-संध्याकाळ दिलंय. सहा आठवडे झाले. खोकल्यातून रक्त पडायचं थांबत नाही, वजन उतरतंच आहे. पुढची तारीख दहा दिवसांनी आहे. ऑपरेशन करावं लागतं का? घरात माझी तीन वर्षांची मुलगी आहे, तिला लागण होईल का? औषध लागू का पडत नाही? लवकर सांगा.

रानजाई
रक्त किती? थुंकीत रेघ की कपभर? कपभर असेल तर इथे वाट बघू नका, आत्ताच दवाखाना गाठा. शुगर आहे का? पूर्वी टीबी झाला होता का? थुंकी तपासली का? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

काळवीट
गोळ्यांवर विसंबू नका. २०२१ च्या मे महिन्यात माझ्या मेव्हण्याला काळी बुरशी झाली. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी आम्ही अख्खं पुणे पालथं घातलं होतं. तीच इंजेक्शनं मागा, एक दिवसही घालवू नका.

रानजाई
काळवीट, तो म्युकर. शुगर आणि स्टेरॉइड असलेल्यांत काही दिवसांत पसरतो, मेव्हण्यांचं नाक-डोळ्यांपासून सुरू झालं असणार. फुफ्फुसातला गोळा बहुतेक वेळा ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा असतो आणि तो महिनोन्महिने बसून असतो. ॲम्फोटेरिसिन किडनीला जड जातं, असं अंदाजाने मागायचं औषध नाही ते.

काळवीट
आम्हीही आधी थांबलो होतो. त्यात त्याचा एक डोळा गेला. म्हणून पोटतिडकीने लिहिलं.

ओवाजिरे
ओव्याची धुरी आणि रात्री हळदीचं दूध द्या. माझ्या सासऱ्यांचा वीस वर्षांचा कफ सुटला.

रानजाई
ताई, रक्त पडणाऱ्या माणसाला धुरी देऊ नका हो. धुराने खोकला वाढेल आणि खोकल्याने रक्त.

माणदेशी_पोरगा
रक्त चमचाभर, कधी नुसत्या रेघा. शुगर नाही. टीबी २००९ ला झाला होता, पूर्ण बरा झाला, म्हणून लिहिलं नाही. लघवीही लाल होते, पण ती गोळ्यांमुळे, ते आम्हाला माहीत आहे. टीबीचा आणि बुरशीचा काय संबंध?

दादरवासी
आसपास कबुतरं आहेत का? उगाच नाही २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला.

छातीविभाग_निवृत्त
मी २२ वर्षं सरकारी छाती विभागात सिस्टर होते. दादरवासी, कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांनी फुफ्फुसाला सूज येते ती बहुतेक ॲलर्जीची, हा प्रकार वेगळा.
माणदेशी, संबंध सरळ आहे. टीबी बरा होतो, पण काहींच्या फुफ्फुसात त्याने पाडलेली पोकळी तशीच राहते. ॲस्परजिलसचे बीजाणू कडब्यात, शेणखतात, दमट धान्यात, सगळीकडे असतात. तुम्ही-मी रोज श्वासातून घेतो आणि धडधाकट फुफ्फुस त्यांचा निकाल लावतं. जुन्या पोकळीची झाडलोट होत नाही. तिथे बुरशीचे तंतू, कफ, मेलेल्या पेशी एकमेकांत गुंतून गोळा होतो. सीटीत त्याच्यावर चंद्रकोरीसारखी हवा दिसते, रुग्णाला पालथं झोपवलं तर कित्येकदा गोळा सरकलेलाही दिसतो. पोकळीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या फुगून नाजूक होतात, रक्त तिथून येतं. ही बुरशी माणसाकडून माणसाला लागत नाही. पण मुलीसाठी वडिलांची थुंकी टीबीसाठी तपासलेली हवी.
आता मला सांगा, इट्राकोनॅझोलने लघवी लाल होत नाही. कोणत्या गोळ्या?

माणदेशी_पोरगा
टीबीच्या. जानेवारीत तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून पुन्हा टीबी म्हणाले आणि कोर्स सुरू केला. पाच महिने झाले, एक राहिलाय. कोर्स मधेच सोडायचा नसतो ना, म्हणून चालूच ठेवलाय. थुंकी तपासली नाही. सांगलीच्या डॉक्टरांना हे सांगायचं राहिलं, ती फाइल वेगळी आहे.

छातीविभाग_निवृत्त
हेच आधी हवं होतं बाळा. लाल रंग टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनचा. ते यकृताला इतर औषधं भराभर मोडायला लावतं, इट्राकोनॅझोल रक्तात जेमतेम उरतं. ही दोन एकत्र देत नाहीत. म्हणजे सहा आठवडे बुरशीचं औषध जवळजवळ पोचलंच नसेल.
स्वतःहून कुठलीच गोळी बंद करू नका. दहा दिवस थांबूही नका. दोन्ही फायली आणि घरातली सगळी पाकिटं घेऊन उद्याच सांगली गाठा. थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) आणि रक्तात ॲस्परजिलस आयजीजी (त्या बुरशीविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) झालंय का विचारा. जुन्या टीबीत सीबीनॅट कधीकधी मेलेल्या जंतूंमुळेही पॉझिटिव्ह येते, तेव्हा अर्थ त्यांनाच लावू द्या. एक्स-रेवर बुरशी आणि टीबी सारखेच दिसतात, अशी पुन्हा सुरू केलेली टीबीची औषधं मी वॉर्डात खूप पाहिली.

मेडिकलवाला
कॅप्सूल भरल्या पोटी घेतात ना? पोटात आम्ल नसेल तर ती नीट शोषली जात नाही. पित्ताची गोळी चालू आहे का? कोलेस्टेरॉलची? तिचंही याच्याशी जमत नाही.

निळाई
ऑपरेशनचं सांगते. आमच्या काकांचा असाच गोळा काढला, फुफ्फुसाच्या त्या खणासकट. त्याआधी श्वासाची ताकद मोजली होती. शेजारच्या खाटेवरच्यांना ती कमी म्हणून ऑपरेशन नाकारलं, मांडीतून नळी घालून रक्त गळणारी वाहिनी बंद केली. काकांना गोळ्या सहा महिन्यांहून जास्त चालल्या, सहा आठवड्यांत हिशेब करू नका.

ओवाजिरे
मग हळदीचं दूध तरी चालेल ना?

माणदेशी_पोरगा
डबा पालथा केला. रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची पॅन ४० आणि पाठोपाठ बुरशीची कॅप्सूल, आम्ही दोन्ही एकत्रच देत होतो. टीबीच्या लाल गोळ्या. बीपीची एक. कोलेस्टेरॉलची नाही. सगळं पिशवीत भरलंय, २००९ चे कागदही सापडले. सकाळी पावणेसहाच्या एसटीने निघतोय. सिस्टर, सकाळची कॅप्सूल द्यायची का जाईपर्यंत?

छातीविभाग_निवृत्त
न्याहारी करून द्या. पॅनचं तिथे विचारा. वाटेत रक्त वाढलं तर उजव्या कुशीवर निजवा, गोळा उजवीकडे आहे. आणि जो दवाखाना आधी लागेल तिथे उतरा.