मदत हवी आहे: ग्रीसमध्ये माणसांची स्केचेस काढायचीत

नमस्कार मंडळी, मे महिन्यात पंधरा दिवस ग्रीसला जातेय, फक्त चित्रं काढायला. अथेन्सची वर्वाकिओस मंडई आणि क्रीट बेटावरचं हानिया शहर नक्की आहे. मला देवळांपेक्षा माणसं हवीत: काफेनिओत (तिथल्या जुन्या वळणाच्या कॉफीच्या दुकानात) तावलीचा, म्हणजे सोंगट्या-फाशांच्या बॅकगॅमनसारख्या खेळाचा, डाव मांडून बसलेले आजोबा, बोटांतून सरकणारी कोंबोलोई (हाताला चाळा म्हणून फिरवायची मण्यांची माळ), शेजारी छोट्या कपातली कॉफी नि पाण्याचा ग्लास. समोर बसून चित्र काढलेलं त्यांना चालतं का? आधी विचारावं, की काढून झाल्यावर दाखवावं? कुणाला दुखवायचं नाही.

इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर १८४८मध्ये ग्रीसमध्ये फिरला, तेव्हा स्केचवरच रंगांच्या नोंदी, तारीख लिहायचा. (ही सवय मीही लावून घेतलीय.) त्याची बरीच जलरंगचित्रं अथेन्सच्या गेनाडिअस ग्रंथालयात आहेत. ती बघायला परवानगी कशी काढायची? कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.