मदत हवी आहे: थंडीची लाट येतेय, बोटीचं इंजिन कसं वाचवू? (लेक ट्रॅव्हिस, ऑस्टिन)

निळी_होडी:
मंडळी, जरा घाईत आहे. शुक्रवारी रात्री इथे १८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ८ सेल्सियसच्या आसपास, तापमान सांगितलंय आणि पुढचे दोन दिवस ते शून्याखालीच राहणार आहे. बोट २१ फुटी, इंजिन मर्क्रुझर ४.३ व्ही-६ स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंखा फिरवणारा ‘ड्राइव्ह’ मागे बाहेर). तळ्याचंच पाणी थेट ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडात, फिरून इंजिन थंड होतं, वेगळं कूलंट नाही. बोट धक्क्यावरच्या लिफ्टवर आहे. मरीनाच्या मेकॅनिककडे दोन आठवडे नंबर लागणार नाही.

शेजारचे म्हणतात, इंजिनच्या कप्प्यात हीटर लाव आणि बोट खाली पाण्यात सोड, तळं काही गोठत नाही. मला मात्र फेब्रुवारी २०२१ आठवतो. ऐन थंडीत टेक्सासमधल्या लाखो घरांची वीज गेली होती. वीज गेली तर हीटर काय कामाचा? पाणी काढायचं तर नक्की कुठून कुठून? आणि ते गुलाबी अँटीफ्रीझ (सहज न गोठणारं द्रव) नुसतं ओतलं तर पुरेल का? आमच्या घरी मालवणला बोटी आहेत, पण तिथे काळजी खाऱ्या पाण्याच्या गंजाची. गोठण्याबद्दल विचारावं असं घरात कोणी नाही.

मिनेसोटाकर:
वीज जाण्याची शंका रास्त आहे. हीटरच्या भरवशावर ब्लॉक सोडू नका. शिवाय साधा खोलीतला हीटर किंवा बल्ब पेट्रोल इंजिनच्या कप्प्यात ठेवणं धोक्याचं आहे. तिथे पेट्रोलची वाफ साचते, एक ठिणगी पुरते. तिथे चालणारे खास ठिणगी-सुरक्षित हीटर मिळतात, पण तेही विजेवरच.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बिडाचा ब्लॉक ताणला जात नाही, तडकतो. ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची गोल झाकणं आधी उडतील आणि ब्लॉक वाचेल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती ओतकामाच्या वेळच्या भोकांवर बसवलेली झाकणं आहेत. कधी उडतात, कधी ब्लॉकच आधी जातो.

तेव्हा पाणी काढा, आणि बोट लिफ्टवर असतानाच काढा. पाण्यात तरंगत असताना खालची नळी सोडली तर तळ्याचं पाणी उलटं आत येऊ शकतं. ड्राइव्ह पूर्ण खाली करा, म्हणजे त्यातलं पाणी आपोआप गळतं. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक बूच, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डना (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या जाड नळ्यांना) एकेक, आणि फिरत्या पाण्याच्या पंपाची मोठी नळी सगळ्यात खालच्या टोकाला सोडा. काही मॉडेलना एकाच जागेवरून पाणी काढायची सोय असते, म्हणून तुमच्या इंजिनचं मॅन्युअल बघाच.

सगळ्यात महत्त्वाचं: बूच काढल्यावर पाणी आलं नाही, तर ‘रिकामं आहे’ असं समजू नका. भोकात गंज आणि गाळ बसलेला असतो. जाड तार आत घालून खरवडा. निम्मे ब्लॉक इथेच फुटतात असं माझं मत आहे.

डॅलसची_मीरा:
गुलाबी अँटीफ्रीझबद्दल. बाटलीवरचं −५० वाचून निर्धास्त होऊ नका. तो आकडा फॅरनहाइटमध्ये आहे आणि नळ्या फुटण्याच्या हद्दीचा आहे. त्याचा बर्फाळ लगदा व्हायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते, आणि आत उरलेलं पाणी मिसळलं की ताकद आणखी घटते.

दुसरं म्हणजे इंजिन गार असताना थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावरच पाण्याला वाट देणारी झडप, बंद असतो. खालून अँटीफ्रीझ ओढलं तर ते मॅनिफोल्डमधून बाहेर पडतं, गुलाबी धार बघून आपल्याला समाधान वाटतं आणि ब्लॉकमध्ये साधं पाणी तसंच राहतं. आधी रिकामं करा, मग हवं तर वरच्या नळ्यांमधून थेट ब्लॉकमध्ये ओता. हिरवं, म्हणजे इथिलीन ग्लायकॉलचं, अजिबात नको. ते विषारी आहे आणि वसंतात पहिल्यांदा इंजिन चालू केलं की सगळं तळ्यात जाईल.

बुचं पिशवीत घालून किल्लीलाच बांधा, म्हणजे घरातलं कोणी चुकून इंजिन चालू करणार नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा, उतरलेली बॅटरी लवकर गोठते.

निळी_होडी:
दोघांचेही मनापासून आभार. आज दुपारी केलं. डाव्या बाजूच्या बुचातून थेंबही आला नाही. तार घातली तर आधी तांबूस गाळ आणि मग चांगली धार लागली! मिनेसोटाकर, तुमचं ते वाक्य वाचलं नसतं तर मी बूच परत लावून टाकलं असतं. उजवी बाजू आणि मॅनिफोल्ड लगेच मोकळे झाले. आता एकच शंका, खालच्या गिअरबॉक्सचं काय? तिथे तर पाणी नसतं ना?

मिनेसोटाकर:
नसायला हवं. खालचा स्क्रू किंचित सैल करून थोडं तेल बघा. स्वच्छ असेल तर घट्ट करा आणि निश्चिंत राहा. दुधाळ दिसलं किंवा आधी पाणी आलं, तर सील गळतंय. तेव्हा शुक्रवारच्या आत सगळं तेल काढून नवीन भरा, नाहीतर तेच पाणी गोठून गिअरचं कवच फोडेल. सील नंतर बदलता येईल.